तुळईतली सुतारीण

रेवती आमच्याकडे राहायला आली तेव्हा आईच्या कुरडयांवर पिवळा भुसा पडायला नुकती सुरुवात झाली होती, आणि घरातलं वातावरण आधीच तापलेलं होतं. लखनौच्या उन्हाळ्याबद्दल मी बोलत नाही, तो तर तापतोच. आमच्या मागच्या व्हरांड्याला कडेने एक जुनी लाकडी तुळई होती आणि तिला आईचा झोपाळा टांगलेला असे. शिसवी फळी, पितळी कड्या. वाईहून माझ्या आजोबांनी तो रेल्वेच्या पार्सलने पाठवला होता, आणि चारबाग स्टेशनवरून आईने सायकल रिक्षात फळी आडवी धरून, वाटेतल्या निम्म्या लोकांच्या शिव्या खात, स्वतः घरी आणला होता. पण दर वर्षी थंडी सरली की त्या तुळईत मोठाले काळे भुंगे भोकं पाडू लागत. करंगळी आत जाईल एवढं, परकाराने आखल्यासारखं गोल भोक. खाली उभं राहून कान दिला की आतून कर्र कर्र असा आवाज येई, आणि बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांवर भुशाची बारीक पिवळी रांगोळी पडे. आई ती पदराने झटकायची आणि तोंडाने जे काही पुटपुटायची ते मी इथे लिहीत नाही.

बाबा किड्यांचे शास्त्रज्ञ होते. दिवसभर एका संशोधन संस्थेत बसून पिकांवरच्या किडी कशा मरतील याचा विचार करत आणि संध्याकाळी घरी येऊन किड्यांवरच माया करत. तुळईतल्या भुंग्यांना त्यांनी घरच्या माणसासारखं नाव दिलं होतं, सुतारीण. सुतार नाही, सुतारीणच, कारण लाकूड कोरायचं सगळं काम मादी करते, नर नुसता बाहेर फुलांभोवती मिरवत असतो. हे सांगताना बाबा हसायचे आणि आई हसायची नाही. तर सुतारणीचा मोसम सुरू झाला की झोपाळ्यावर बंदी यायची. "झोका घेतला की तुळई हलते, आणि आत तिची पिल्लं असतात," असं म्हणून बाबा कड्या काढत आणि फळी भिंतीला टेकवून ठेवत. होळीपासून पावसाळ्यापर्यंत ती तशीच उभी असायची. "तुमच्या सुतारणीला घरात जागा आहे, मला नाही," असं आई म्हणे. बाबा आणि मी, आम्ही दोघं ते रोजचं म्हणून सोडून देत असू.

आम्ही दोघं असं मी मुद्दाम म्हणते, कारण सकाळचा तो वेळ आमचा दोघांचा होता. बाबा मितभाषी, जेवताना "वाढ" आणि "पुरे" यापलीकडे त्यांच्याकडून शब्द निघत नसे. पण सकाळी चहाचा कप घेऊन ते तुळईखाली उभे राहिले की मी शेजारी जाऊन उभी राहायची, आणि कप रिकामा होईपर्यंत ते बोलायचे. गेल्या मोसमात त्यांनी जास्वंदीवरून एक सोनेरी, केसाळ भुंगा अलगद पकडला होता आणि माझ्या मुठीत ठेवला होता. मी किंचाळले तर म्हणाले, "घाबरू नकोस. नर आहे. नराला नांगी नसते." मुठीत तो असा गुरगुरत होता की हाताला गुदगुल्या होत होत्या. ती सकाळ मी वर्षभर कुणाला सांगितली नाही. आईलासुद्धा नाही. सांगितलं की वाटून जातं असं मला वाटायचं, आणि अजूनही वाटतं.

अशा घरात रेवती आली. तिचे वडील, बाबांच्या ओळखीतले सातपुते काका, वायुसेनेत होते आणि शिलाँगहून बदली होऊन बख्शी का तालाबच्या क्वार्टरमध्ये आले होते. माणसं मूळची नागपूरकडची. तिथून शहरातली शाळा लांब पडायची आणि रेवतीचं बोर्डाचं वर्ष होतं, म्हणून तिने आमच्याकडे राहायचं ठरलं. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं," असं आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, पण पहिल्याच जेवणाला रेवतीने "आंटी, ये आमटी थोड़ी और मिलेगी?" असं विचारलं आणि आई विरघळली. पोरगी मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. दिसायला नीटस, केसांच्या दोन वेण्या, नखं स्वच्छ. मी तिच्यात खोट शोधायला लागले ती त्याच दिवशी, आणि सापडेना म्हणून आणखी चिडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ब्रश करत व्हरांड्यात आली, वर पाहिलं आणि तोंडातला फेस सांभाळत ओरडली, "अंकल! बंबल बी! हमारे शिलाँग में गार्डन में कितनी सारी थीं!" मला मनातून उकळ्या फुटल्या. आता बाबा तिला झापणार. मी एकदा गांधीलमाशीला मधमाशी म्हटलं होतं तेव्हा त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं होतं, आणि ते पाहणं मला आठवडाभर पुरलं होतं. पण बाबांनी कप कठड्यावर ठेवला आणि विचारलं, "नाही. पण तुला तसं का वाटलं?" का वाटलं! मला त्यांनी जन्मात कधी का वाटलं असं विचारलं नव्हतं. रेवती म्हणाली, बड़ी है, काली है, आवाज वैसी ही करती है. आणि बाबा सुरू झाले.

"आधी पोट बघायचं," ते म्हणाले. "लोक रंग बघतात, छातीवरचे केस बघतात आणि फसतात. छाती दोघींचीही केसाळ असू शकते. बंबल बीचं पोटसुद्धा केसाळ असतं, शाल पांघरल्यासारखं, त्यावर पट्टे असतात. आपल्या सुतारणीचं पोट वरून उघडं, काळं आणि चकचकीत, पॉलिश केलेल्या बुटासारखं. मग पाय. बंबल बीच्या मागच्या पायाला परागकण भरायची सपाट टोपलीच असते, हिच्या पायावर नुसता केसांचा ब्रश. आणि घर. ती जमिनीत, उंदराच्या जुन्या बिळात, मोठं कुटुंब करून राहते. ही लाकडात, एकटी. आणि तुझी बंबल बी थंड डोंगरातली आहे. लखनौच्या उन्हात ती टिकायची नाही." ते बोलत होते आणि रेवती मान डोलवत होती. यातला शब्द न् शब्द मला पाठ होता. पण मला हे तुकड्या तुकड्याने, वर्षानुवर्षं चहाच्या घोटाघोटाने मिळालं होतं, आणि तिला एका सकाळी अख्खं ताट वाढलं गेलं. कप केव्हाच गार झाला होता. बाबांनी तो दुसऱ्यांदा गरम करून मागितला. हे मी आमच्या घरात प्रथमच पाहत होते.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं त्याला औषध नव्हतं. तुळईखाली आम्ही तिघं उभे राहू लागलो, म्हणजे ते दोघं उभे राहू लागले आणि मी बाजूला. रेवती प्रश्न विचारायची. लाकूड खाती है क्या? नाही, नुसतं कोरते, भुसा बाहेर टाकते. अंदर क्या रखती है? परागाचा लाडू आणि त्यावर एक अंडं, मग भुशाची भिंत, मग पुन्हा लाडू. "लड्डू!" असं म्हणून ती टाळ्या वाजवायची, आणि बाबांना पाहून कोणालाही वाटलं असतं की जगात पहिल्यांदाच कोणी तरी त्यांच्या लाडवाचं कौतुक केलं. एके दिवशी त्यांनी गळ्यातलं भिंग काढून तिच्या गळ्यात घातलं. काळ्या दोरीचं ते भिंग मी लहानपणापासून मागत होते आणि "हरवशील" हे उत्तर ऐकत होते. मी आईकडे गेले. आई कैरी किसत होती. मी म्हटलं, "बाबांनी भिंग रेवतीला दिलं." आई किसतच राहिली आणि म्हणाली, "तुला आज कळलं होय, आपल्या वाट्याचं दुसऱ्याला जातं तेव्हा कसं वाटतं ते?" मला वाटलं ती झोपाळ्याबद्दल बोलतेय. मी रागाने किसातली मूठभर कैरी खाल्ली आणि दात आंबवून घेतले.

रेवती एकदा मला म्हणाली होती, "मेरे पापा के पास इन सब के लिए टाइम ही नहीं है." वेणी घालता घालता, सहज. वाचणाऱ्याला तिची दया यावी म्हणून मी हे लिहीत नाही. मला तेव्हा आली नव्हती. आपल्या वाटणीचा बाप बख्शी का तालाबला ठेवून हिने माझा घेतला, एवढंच मला दिसत होतं.

मी आता राहते त्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजही दर मार्चमध्ये कोणी तरी फोटो टाकतं, "बंबल बी अटैक इन बालकनी, प्लीज़ कॉल पेस्ट कंट्रोल," आणि मी खाली लिहिते की ही बंबल बी नाही, पोट पाहा, आणि हा तुमच्या डोक्याभोवती घिरट्या घालणारा नर आहे, त्याला चावता येत नाही, तुमच्या बाल्कनीतल्या बांबूच्या पडद्यात त्याची बायको आहे. गोमतीनगरात मला 'भौंरे वाली आंटी' म्हणतात. म्हणोत. पण परवा तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने माझ्याआधी बरोबर उत्तर लिहिलं, तर मला दुपारी झोप लागली नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

तर त्या वर्षीची खरी गोष्ट जीपची. बाबांचे एक मित्र होते, वनस्पतिशास्त्रातले जोशीजी. हे आपले जोशी नव्हेत, कुमाऊंचे. लग्न होऊन लखनौला आल्यावर त्यांचं नाव ऐकून आईने हौसेने पुरणपोळी केली होती आणि मग ते हिंदीत बोलू लागल्यावर तिचं तोंड उतरलं होतं, असा घरातला किस्सा होता. शाळेला सुट्टी लागली की जोशीजी आपल्या जुन्या जीपमधून डोंगरातल्या गावी जात आणि बाबा त्यांच्याबरोबर बंबल बी बघायला. जीपमध्ये जोशीजींच्या आईसाठी तुपाचे डबे, गाद्या, झाडं दाबायच्या चौकटी, बाबांच्या जाळ्या. आमच्यापैकी कुणाला जागाच नसे. त्या वर्षी जोशीजींचा मुलगा परीक्षेमुळे येणार नव्हता. रात्री जेवताना बाबांनी, ज्यांच्या तोंडून "वाढ" आणि "पुरे" एवढंच यायचं, सांगितलं, "यंदा जीपमध्ये एक जागा आहे. जिला भुंगे न चुकता ओळखता येतील, तिला नेतो." 'जिला' असं म्हणताना त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. दोघींकडे सारखंच. मी त्यांची मुलगी होते, तरी सारखंच.

मला ते डोंगर हवे होते, बंबल बी हवी होती, पण खरं म्हणजे मला ती जागा हवी होती. बाबांच्या शेजारची, लांबच्या रस्त्याची, जिथे चहाचा कप संपायची भीती नाही. रेवतीने तर बंबल बी पाहिलेली होती, शिलाँगला, कितनी सारी. तिला परत बघून काय करायचं होतं? मी पोळी न संपवता उठले.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आई दर वर्षी करायची. लखनौतल्या चार मराठी घरांना एकमेकांचं तोंड दिसायचं ते त्याच दिवशी. संस्थेतल्या बायका, विद्यापीठातल्या एक-दोघी, आणि वायुसेनेच्या गाडीतून बख्शी का तालाबहून येणाऱ्या. शेजारच्या श्रीवास्तव चाची तर सकाळपासूनच हजर असत, आंब्याच्या डाळीसाठी. "भाभी, ये जो कच्चे आम वाली दाल है ना, इसका जवाब नहीं," असं म्हणत त्या वाटीभर डाळ उभ्या उभ्या संपवत. त्या वर्षी आईने बाबांना आधीच बजावलं होतं, "गौर माझ्या झोपाळ्यात बसणार. वर्षातून एक दिवस. देवीने भुंग्यांची परवानगी घ्यायची नसते." बाबांनी थोडं कुरकुरून कड्या अडकवून दिल्या आणि सांगितलं, "हलवू मात्र नका." झोपाळ्यातल्या गौरीला झोका द्यायचा नाही, असं सांगणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात सापडणार नाही. आईने फळीवर खण अंथरला, पितळेची गौर बसवली, कड्यांना मोगऱ्याचे गजरे गुंडाळले. कलिंगडाचं कमळ कापलं, पन्ह्याचा हंडा ओल्या फडक्यात ठेवला. त्या वासात आणि बांगड्यांच्या आवाजात मला माझं दुखणं थोडं विसरायलाही झालं होतं.

मग रेवतीच्या आईने, सातपुते काकूंनी, गौरीला हळदीकुंकू वाहिलं आणि सवयीने झोका दिला. तुळई करकरली. वरच्या भोकातून गुं गुं असा जाड आवाज आला आणि एक भुंगा खाली उतरून थेट मोगऱ्याच्या गजऱ्यावर बसला. "अगं बाई, भुंगा!" असा एकच ओरडा झाला, पदर डोक्यांवर गेले, चाची डाळीची वाटी घेऊन दारात पळाल्या. आमच्या तुळईतल्या सगळ्या सुतारणी काळ्याकुट्ट. हा तसा नव्हता. छातीवर दाट पिवळे केस, उन्हात चमकत होते. बाबा गलका ऐकून आतल्या दारात येऊन उभे राहिले. बायकांत ते येत नसत, उंबऱ्यापाशीच थांबले. मी त्यांना पाहिलं. रेवतीनेही पाहिलं.

"घबराइए मत," ती मोठ्याने म्हणाली, "बंबल बी है. देखिए, कितने बाल हैं."

"बंबल बी नाहीये," मी म्हटलं. माझा आवाज मलाच चिरका वाटला. "सुतार भुंगा आहे. नर. पिवळा आहे म्हणजे नर. आणि नराला नांगी नसते." एवढ्याने थांबले असते तरी चाललं असतं. पण मला ती गेल्या वर्षीची सकाळ आठवली, मुठीतली गुदगुली आठवली, आणि ती रेवतीला दाखवावी, तिच्या आईला दाखवावी, सगळ्या लखनौला दाखवावी असं वाटलं. मी हात पुढे केला, गजऱ्यावरून तो उचलला आणि मूठ मिटली. पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही, कारण मी पन्ह्याच्या हंड्यावर जाऊन आदळले होते.

नराला नांगी नसते हे खरंच आहे. फक्त तो नर नव्हता. विड्यांसाठी काढलेला चुना आईने माझ्या तळहातावर थापला, हात भाकरीसारखा फुगला, आणि श्रीवास्तव चाचींनी "बिटिया को नज़र लगी है" असं जाहीर केलं. गौर तेवढी झोपाळ्यात हसत बसली होती.

संध्याकाळी पाहुण्या गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. मी डाव्या हाताने. बाबांनी तो भुंगा काचेच्या पेल्याखाली झाकून टेबलावर आणून ठेवला होता. जिवंत होता, रागावलेला होता. "कोणी पोट पाहिलं होतं?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघींनी आत्ता पाहिलं. पिवळी छाती संपत होती तिथून पुढे काळं, उघडं, चकचकीत पोट. बुटासारखं. "ही सुतारीणच आहे, वेगळ्या जातीची. हिच्या नवऱ्याचं सगळं अंग पिवळं असतं, पोटसुद्धा. एकीने छाती पाहून बंबल बी म्हटलं आणि एकीने छाती पाहून नर म्हटलं. पोट दोघींच्याही समोर होतं." रेवतीने गळ्यातलं भिंग काढून हळूच टेबलावर ठेवलं. मला त्याही दुखण्यात बरं वाटलं. मग ती म्हणाली, "तो अंकल, कौन जाएगा?"

"कोणीच नाही. पुढच्या वर्षी बघू. यंदा त्या जागेवर जाळ्या ठेवतो."

"जाळ्या मी मांडीवर घेईन," आई म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभी होती.

"म्हणजे?"

"म्हणजे मी येते."

बाबांचा घास हातातच राहिला. "तू? अगं, पण तुला... सुतारीण कोणती आणि बंबल बी कोणती..."

"मला ओळखता येत नाहीत," आई म्हणाली. "येत असत्या तरी मी परीक्षा दिली नसती. लग्न होऊन आले तेव्हा म्हणाला होतात, उन्हाळ्यात डोंगर दाखवतो. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तुम्ही जाता आणि जीपमध्ये जागा नसते. मी कधी काही म्हटलं? भुंग्यांसाठी झोपाळा काढता, काढा. सकाळचा चहा भुंग्यांबरोबर पिता, प्या. मग लेक त्यात गेली, मग लोकांची लेक गेली. मी गरम करून देते कप. आता जागा आहे, तर मला जायचंय."

पेल्याखाली सुतारीण काचेवर धडका देत होती. बाबा पेल्याकडे पाहत म्हणाले, "आणि मुली?"

"चाची आहेत शेजारी. आणि दोघी मोठ्या झाल्यात, एकमेकींचा जीव घेण्याइतक्या," असं म्हणून आई आत गेली आणि भांडी घासायला लागली. त्या रात्री भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा कमी होता.

सुट्टी लागली आणि ते गेले. आई पुढे, खिडकीशी, मांडीवर जाळ्या, डोक्याला चौक बाजारातून आणलेली पांढरी चिकनकारीची ओढणी गुंडाळलेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. रेवतीचे बोर्डाचे जादा वर्ग सुट्टीतही चालू होते, म्हणून ती घरी गेली नव्हती; मी आणि ती फाटकात उभ्या होतो. "आंटी को वहाँ क्या करना है?" रेवती पुटपुटली. "तेच तर," मी म्हटलं. इतक्या दिवसांत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. आम्ही मैत्रिणी झालो असं नाही, पण एकाच माणसावर जळत असलं की दोघींना एका घरात बरं राहता येतं. खिचडी करपवली, चाचींच्या घरचं दही घालून खाल्ली. काकड्या सोलल्या, खरबुजं कापली. सकाळी चहा घेऊन तुळईखाली जाऊन उभ्या राहिलो. कर्र कर्र चालू होतं. भिंग बाबांनी नेलं होतं. थोडा वेळ वर पाहिलं आणि बोलायला काही नाही म्हणून आत आलो.

रेवती आता कॅनडात असते. तिथे तिच्या अंगणात बंबल बीज आहेत, कितनी सारी. दर वर्षी ती फोटो पाठवते आणि खाली देवनागरीत लिहिते, "पोट पाहिलं." मी उत्तर देते, "छान." यापेक्षा जास्त माझ्याच्याने लिहवत नाही. डोंगराच्या पायथ्याला नेणारी काठगोदामची गाडी लखनौवरूनच जाते, मी कधीही डोंगरात जाऊ शकले असते, आणि गेलेही, पण जेव्हा गेले तेव्हा एकदा गारठा होता आणि एकदा धो धो पाऊस. माझी बंबल बी अजून बघायची राहिली आहे.

त्या सुट्टीत आई-बाबा परत आले तेव्हा ऊन उतरत होतं. आईचं नाक सोललं होतं, पायांत कोणाच्या तरी कॅनव्हासच्या चपला होत्या आणि हातात बुरांशच्या, म्हणजे डोंगरातल्या लाल फुलांच्या, सरबताची लालभडक बाटली. बाबांनी बॅगा उचलल्या होत्या, दोघांच्याही. आई हातपाय धुवून व्हरांड्यात आली. भिंतीला टेकवलेल्या फळीकडे तिने एकदा पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी फळी उचलली आणि कड्या अडकवल्या. सुतारणीचा मोसम संपला नव्हता. वरून भुसा पडतच होता.

"दिसली का?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"दिसली ना," आई झोपाळ्यावर बसत म्हणाली. "जाडी, गुबगुबीत, पोटापर्यंत शाल पांघरलेली. सकाळी थंडीत काटेरी फुलावर गोठून बसली होती, उडवेना तिला. मी बोटाने हात लावला, तर एक पाय वर केला. असा. नको म्हणाली मला." तिने हात वर करून दाखवला आणि हसली. हे हसू माझ्या ओळखीचं नव्हतं. "घर जमिनीत असतं तिचं. सगळ्या एकत्र राहतात. नाही तर आपली ही बया, एकटी बसते लाकूड कोरत."

"मग?"

"मग काय? ऊन आलं, उडून गेली."

"आणि तुम्ही?"

"आम्ही बसलो तिथेच."

"किती वेळ?"

"तुला काय करायचंय गं?" आई म्हणाली आणि तिने पायाच्या अंगठ्याने जमिनीला रेटा दिला. झोपाळा हलला. तुळई करकरली, वर गुं गुं झालं आणि पिवळा भुसा आईच्या केसांत पडला. मी बाबांकडे पाहिलं. आता बोलतील. बाबा पुढे आले, त्यांनी आईच्या केसांतला भुसा दोन बोटांनी झटकला आणि तिच्या शेजारी बसले. दोघांनी मिळून पुन्हा रेटा दिला.

तो झोपाळा आता माझ्या फ्लॅटमध्ये आहे, सिमेंटच्या छताला लोखंडी हुकावर. फळी तीच. तिच्यावर तीन माणसं आरामात बसतात, मी कितीदा बसवून पाहिली आहेत. त्या संध्याकाळी मी दाराला धरून उभी होते, हातावर डंखाची खूण अजून होती, आणि त्यांच्या शेजारी एक जागा रिकामी होती. मला कोणी बोलावलं नाही.